ऑन-रोड ८५ लाखांपर्यंत लक्झरी एसयूव्ही: किंमत, भरवसा, एडास. पुण्यात काय घ्यावं?

अर्धा_कप
नमस्कार मंडळी. आमची जुनी सेडान आता निवृत्तीला आली आहे. घर बाणेरला. कामासाठी दर आठवड्याला एक्स्प्रेस वेवरून बीकेसी, आणि अधूनमधून आईबाबांना घेऊन सातारा. ड्रायव्हर नाही, मी आणि नवरा दोघंही चालवतो. सगळं धरून ८५ लाखांच्या आत बसवायचं आहे.

यादीत चार नावं उरली आहेत: मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स३, व्होल्वो एक्ससी६०, लेक्सस एनएक्स ३५०एच. नवऱ्याला चालवायला मजा आली पाहिजे. मला पाच-सात वर्षं कटकट नको. आणि दोघांनाही एडास (कॅमेरा-रडारने चालकाला मदत करणारी यंत्रणा) हवं आहे, कारण मुंबईहून रात्री परत येताना डोळे मिटायला लागतात. मुलाला फक्त स्क्रीन किती मोठा आहे ते कळायला हवं आहे.

शोरूममध्ये प्रत्येकजण सांगतो की आमचीच गाडी भारी. वापरणाऱ्यांनी सांगा. "तेवढ्या पैशांत फ्लॅट घ्या" हा सल्ला सासऱ्यांनी दिलेला आहे, कृपया परत नको.

सदाशिव_पेठी
फ्लॅट नका घेऊ, पण पार्किंग घ्या. गाडी नंतर.

हिशेबनीस
आधी आकडे बोलू, मग बाकीचं.

समजा एक्स-शोरूम ७० लाख. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रोड टॅक्स आहे, डिझेलला १५. म्हणजे पेट्रोलला ९ लाख १० हजार आणि डिझेलला साडेदहा लाख. कुणी "कंपनीच्या नावावर घे, घसारा मिळतो" म्हणेल. मिळतो, पण कंपनीच्या नावावर रोड टॅक्स २० टक्के, म्हणजे त्याच गाडीला १४ लाख. तुमच्या सीएला आधी कॅल्क्युलेटर घेऊन बसवा. वर विमा, आणि १० लाखांवरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (डिलरने आपल्याकडून आगाऊ घेतलेला आयकर). टीसीएस हा खर्च नाही, रिटर्न भरताना वजा करून मिळतो. पण डिलर तो ऑन-रोड बेरजेत मिसळून दाखवतो आणि आपण घाबरतो.

दुसरं म्हणजे यूट्यूबवरच्या जुन्या किमती विसरा. २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, मिळून ५० टक्के कर होता. आता सरळ ४०. करापूर्वी ५० लाखांची असलेली गाडी तेव्हा ७५ ला पडायची, ती आता ७० ला. त्याआधीचा व्हिडिओ पाहून बजेट ठरवलं असेल तर ते परत मांडा.

विमा डिलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन नुसतं टेबलावर ठेवलं तरी त्यांचा आकडा खाली येतो. झिरो डेप (क्लेममध्ये घसारा न कापणारा विमा), इंजिन प्रोटेक्ट आणि टायर कव्हर या तिन्हींत काटकसर करू नका. डिसेंबरात मिळणारी सूट गोड वाटते, पण जानेवारीत तीच गाडी "गेल्या वर्षीची" होते आणि विकताना ते सगळं परत घेते. सात वर्षं ठेवणार असाल तर मात्र खुशाल घ्या.

काकडी_कोशिंबीर
हिशेबनीस, इंजिन प्रोटेक्ट पुण्यात खरंच लागतं का? आपल्याकडे काय मुंबईसारखं तुंबत नाही.

हिशेबनीस
२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत कुणाला तरी हा प्रश्न विचारा. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पहाटे पार्किंगमधल्या गाड्या पाण्याखाली. पाण्यात उभ्या गाडीचं बटण दाबलं की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि साध्या पॉलिसीत ते बसत नाही. पाणी चढलं तर स्टार्ट करू नका, टो करा, एवढं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

पाचवा_गिअर
एडासबद्दल मी लिहितो, कारण लेव्हल २ असलेली गाडी बऱ्यापैकी चालवतो, आणि याच रस्त्यावर.

लेव्हल २ म्हणजे वेग आणि लेन दोन्ही गाडी सांभाळते, जबाबदारी मात्र पूर्ण तुमची. डोळे मिटायला लागले की गाडी चालवेल, हा हिशेब मनातून काढून टाका. झोप आली तर तळेगावला फूड मॉलवर थांबा.

एक्स्प्रेस वे हा या गोष्टीसाठी आपल्याकडचा सगळ्यात चांगला रस्ता. दुचाकी नाही, रिक्षा नाही, पट्टे बऱ्यापैकी ठळक. सपाटीला १०० ची मर्यादा आहे आणि आता जागोजागी कॅमेरे आहेत. अॅडॅप्टिव्ह क्रूझला (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) १०० लावून द्यायचं, पाय मोकळा. चलन येत नाही आणि घरी पोचल्यावर घोटा दुखत नाही. माझ्या मते एडासचा खरा फायदा हाच, थकवा कमी होतो.

आता तोटे. पुढच्या गाडीपासून सोडलेलं अंतर आपल्या लोकांना जागा रिकामी वाटते. कुणी तरी घुसतं, गाडी ब्रेक मारते, मागचा हॉर्न देतो. अंतर सगळ्यात कमी ठेवलं तरी हे होतंच. खंडाळ्याच्या घाटात मी लेन सांभाळणारं सगळं बंद करतो. ट्रक मधल्या लेनमध्ये रखडत असतात, वळणावर पट्टा हरवतो आणि स्टिअरिंग उगाच हाताला ओढ देतं. घाटात तशीही ६० ची मर्यादा आहे, हाताने चालवा.

साताऱ्याचा रस्ता वेगळा आहे, त्यावर कुणी अनुभवी बोलेल.

डोंगरवाट
सातारा मी बोलतो. तिथे एडासवर विसंबू नका. मधे दुचाकी, उलट्या दिशेने येणारे ट्रॅक्टर, नवले पुलाच्या उतारावर मागून येणारे ट्रक. आणि हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या! मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, कधी नुसत्याच कडेला उभ्या. बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की मोठ्या वेगात क्रूझ चालू असताना थांबलेली वस्तू सिस्टिमला कळेलच असं नाही. रडार चालत्या गाड्यांचा माग काढायला बसवलेलं आहे. रस्त्याकडेचा खांब, पाटी, पुलाचा कठडा बघून दर वेळी ब्रेक मारू नये म्हणून ते स्थिर गोष्टी गाळून टाकतं. आपल्याकडची उभी ट्रॉलीही त्यातच गाळली जाते.

मॅन्युअलचं ते पान विकत घेण्याआधी मागा. सेल्सवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कॉफी_विथ_खारी
@पाचवा_गिअर, ती हाताला ओढ इंडिकेटर न देता लेन बदलली की बसते ना? म्हणजे पुणेकराला इंडिकेटर द्यायला लावणारी ही इतिहासातली पहिली वस्तू.

सदाशिव_पेठी
पुणेकर इंडिकेटर देतो. उजवा देऊन डावीकडे वळतो, समोरच्याने विचार करावा म्हणून.

चिंचगूळ
एक अनुभव, नव्या मालकांसाठी खास. मागच्या दसऱ्याला सासूबाईंनी गाडीची साग्रसंगीत पूजा केली. बॉनेटवर हळदकुंकू, चारही चाकांना लिंबू, आणि पुढच्या लोगोवर हा एवढा झेंडूचा हार, आपट्याची पानं खोवून. दुसऱ्या दिवशी निघाले तर डॅशबोर्डवर पिवळा त्रिकोण, "पुढचा सेन्सर झाकलेला आहे". क्रूझ चालेना, इमर्जन्सी ब्रेक बंद. सर्व्हिसला फोन केला, तर तिकडचा मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, हार काढा. सकाळपासूनचा हा असा सातवा फोन आहे."

रडार बऱ्याच गाड्यांत लोगोच्या मागे किंवा खालच्या जाळीत असतं. लिंबू-मिरचीसुद्धा त्याच्यासमोर लटकवू नका. आता आमच्याकडे हार मागच्या वायपरला असतो. सासूबाईंना ते पटलेलं नाही.

काकडी_कोशिंबीर
दृष्ट काढायला लिंबू लावलं आणि गाडीची दृष्टीच गेली.

शांतारस
पावसाळ्यातही तेच. ताम्हिणीत जोराची सर आली किंवा पुढच्या टेम्पोने चिखल उडवला की मेसेज येतो. पुढचे क्रॅश गार्ड लावणाऱ्यांसाठी: डिसेंबर २०१७ पासून त्यावर बंदी आहे, आणि रडारसमोर लोखंड आलं तर एडास गेलंच.

रेडियल_टायर
मी या धंद्यात होतो, वर्कशॉपच्या बाजूला. कंपन्यांची नावं घेणार नाही, पण काही गोष्टी सगळ्यांना लागू आहेत.

१. भरवसा म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स नव्हे. ते हल्ली सहसा दगा देत नाहीत. वर्कशॉपला गाडी येते ती स्क्रीन हँग झाला, सेन्सर बोंबलला, ४८ व्होल्टची बॅटरी बसली, एअर सस्पेन्शन गळलं, या तक्रारींनी. म्हणून एअर सस्पेन्शन आणि पॅनोरामिक सनरूफ "फुकट" मिळत असेल तरी वॉरंटी संपल्यावरचा विचार करा.

२. डिझेल घ्यायचं तर वापर बघा. बाणेर ते शाळा, शाळा ते बाणेर एवढंच चालवाल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरतो. काजळी जळायला थोडा वेळ सलग वेगात चालणं लागतं. ताईंचा दर आठवड्याला एक्स्प्रेस वे आहे, त्यांना त्रास होऊ नये. ज्यांचं रोजचं कोथरूड ते डेक्कन आहे त्यांनी पेट्रोल किंवा हायब्रिड.

३. टायर. रन-फ्लॅट असतील तर पंक्चरनंतरही ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, ही सोय. पण बाजू कडक असते, खड्ड्यात धक्का जास्त लागतो, आणि खड्ड्याने बाजू फाटली तर रिपेअर नाही, नवीनच. एका टायरचे पाच आकडी मोजायची तयारी ठेवा. १९ आणि २० इंचांत निवड असेल तर पुण्यात १९ घ्या. २० इंच कॅटलॉगमध्ये छान दिसतात.

४. काच. पुढच्या काचेमागे कॅमेरा असतो. दगड लागून काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करावं लागतं. बाहेरून स्वस्तात काच बसवून आलेल्या गाड्यांचा एडास भलतीकडे बघत असतो. बंपरला रंगकाम केलं तरी हाच प्रश्न.

५. उंदीर. हसू नका. पावसाळ्यात बेसमेंटमध्ये गरम इंजिन मिळालं की उंदीर संसार थाटतात. एका वायरिंग हार्नेसचं बिल पाहून माणूस खुर्चीत बसलेला मी पाहिलाय.

मुळशीकर
उंदरावर आमच्याकडे रामबाण: तंबाखूचं पान बॉनेटखाली बांधून ठेवायचं.

सदाशिव_पेठी
आणि उंदरांना व्यसन लागलं तर?

मुळशीकर
तर ते शेजारच्या गाडीतला चुनाही नेतील.

पाचवा_गिअर
@रेडियल_टायर, चौथ्या मुद्द्याला दहा वेळा अनुमोदन. माझ्या ओळखीत एकाची गाडी बंपर बदलल्यानंतर उड्डाणपुलाच्या सावलीलाही ब्रेक मारायची.

मुळशीकर
आता माझी कैफियत. गाडीचं नाव देत नाही, युरोपियन आहे, यादीतल्याच गटातली. चालवायला सुंदर, बसायला सुंदर. वॉरंटी संपता संपता मागच्या दाराचं मॉड्यूल गेलं. पार्ट बाहेरून येणार. आठवडे गेले. फोन केला की "सर, शिपमेंटमध्ये आहे." पावसाळ्यात एका दाराला चिकटपट्टी लावून फिरलो, तेही अशा गाडीत की जिच्या किमतीत गावाकडे विहिरीसकट शेत येतं. सर्व्हिसवाल्यांनी चहा उत्तम पाजला, ते नाकारत नाही.

तेव्हा ताई, ब्रँड नंतर, आधी सर्व्हिस सेंटरला शनिवारी सकाळी जाऊन लाउंजमध्ये बसा. गाडी न्यायला आलेले मालक गप्पा मारतातच. तिथे जे कळतं ते कुठल्याच रिव्ह्यूत नसतं.

काकडी_कोशिंबीर
पण मर्सिडीज तर चाकणलाच बनते ना? पार्ट चाकणहून टेम्पोत घालून आणता येत नाहीत का?

रेडियल_टायर
चाकणला जुळणी होते. सुट्या भागांचे संच बरेचसे बाहेरून येतात, इथे जोडतात. एक्स३ची जुळणी चेन्नईजवळ, व्होल्वोची बंगळुरूजवळ होसकोटेला, ऑडी छत्रपती संभाजीनगरला. इथे जुळणी झाल्याने आयात शुल्क वाचतं आणि किंमत आवाक्यात राहते. स्पेअर पार्ट मात्र कंपनीच्या गोदामातून येतात. फिल्टर, ब्रेक पॅड, वायपर सगळीकडे हजर असतं. अडकतं ते मॉड्यूल, दिवे आणि बॉडी पॅनल. एका हेडलॅम्पचा भाव विचारून बघा, सध्याच्या सेडानची रिसेल त्याच्या जवळपास असेल.

डोंगरवाट
पुण्याच्या अभिमानासाठी सांगतो, मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जोडते आहे. आधी पिंपरीला टेल्कोच्या आवारात, २००९ पासून चाकणला. रेंज रोव्हर वेलारही पुण्यातच जोडतात. अख्ख्या देशाला लक्झरी गाड्या आपण देतो आणि आपण मात्र त्या चांदणी चौकात पहिल्या गिअरवर चालवतो.

शांतारस
एडासच हवं असेल तर ८५ लाख कशाला? एक्सयूव्ही७०० मध्ये २०२१ मध्येच आलं, तीही चाकणचीच. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या व्हेरियंटमध्येही आहे. ३० लाखांत भागतं. उरलेल्या पैशांच्या व्याजात ड्रायव्हर ठेवा, तोच खरा लेव्हल ५, म्हणजे आपण काहीच चालवायचं नाही.

कॉफी_विथ_खारी
आमच्या लेव्हल ५ ने पहिल्याच दिवशी "साहेब, लई आवाज करतंय" म्हणून लेन वॉर्निंग, ब्लाइंड स्पॉट, सगळं बंद करून टाकलं. मला कळलं तेव्हा सर्व्हिसची वेळ आली होती.

पाचवा_गिअर
@शांतारस, मुद्दा चुकीचा नाही, पण फरक जाणवतो. स्वस्त गाडीत क्रूझ ब्रेक मारते तेव्हा डोकं पुढे जातं. महागड्यांतल्या चांगल्या सिस्टिममध्ये कळतही नाही. आणि १०० च्या वेगातली शांतता, खुर्ची, दिवे याचे पैसे असतातच. आठवड्याला बीकेसी करणाऱ्याच्या पाठीला विचारा.

एक इशारा मात्र. परदेशी रिव्ह्यूमध्ये जे दिसतं ते भारतातल्या व्हेरियंटला असेलच असं नाही. एकाच गाडीच्या दोन व्हेरियंटमध्येही फरक असतो. "एडास आहे" या शब्दावर जाऊ नका. नेमकं विचारा: अॅडॅप्टिव्ह क्रूझ पूर्ण थांबून परत निघतं का? लेन नुसती वॉर्निंग देते की मधोमध ठेवते? रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या गाडीसाठी ब्रेक मारते का? हे लेखी घ्या.

चिंचगूळ
तो रिव्हर्सवाला प्रकार पुण्यात सोन्याचा. शनिवार पेठेतल्या बोळातून माहेरची गाडी मागे काढताना दोन्ही बाजूंनी भिंत, आणि स्कूटरवाले थांबतच नाहीत. माझ्या गाडीने तिथे कचकन ब्रेक मारला तेव्हा मला काही दिसलंच नव्हतं. मग एक काका स्कूटरवरून माझ्याकडे रागाने बघत निघून गेले. मला विचाराल तर ब्लाइंड स्पॉट, मागचा ब्रेक आणि ३६० कॅमेरा हे शहरातले खरे उपयोगाचे. लेन-बिन एक्स्प्रेस वेची चैन.

बोपदेव_घाट
कुणी ईव्ही का म्हणत नाहीये? जीएसटी ५ टक्के, महाराष्ट्रात रोड टॅक्स माफ. २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या ईव्हींना ६ टक्के लावायचं म्हणत होते, तेही मागे घेतलं. वर हिशेबनीसांनी सांगितलेले नऊ लाख सरळ वाचले.

हिशेबनीस
आकडा बरोबर आहे. फक्त रिसेल अजून कुणालाच नीट कळलेली नाही, आणि अर्धा_कप यांच्या सोसायटीत चार्जर लावायला ठराव पास व्हावा लागेल. सोसायटीच्या सभेत गाडी लवकर येईल की ठराव, सांगता येत नाही.

अर्धा_कप
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! चार्जरचा ठराव आमच्याकडे गेल्या सभेत "पुढील सभेत चर्चा" म्हणून गेलाय, त्यामुळे ईव्ही तूर्त बाद. एक नवीनच भानगड: आमचं पार्किंग स्टॅकवालं आहे, म्हणजे गाड्या एकावर एक. खालचा खड्डा आमचा. सुरक्षारक्षकाने दाखवलं तेव्हा पाटी वाचली, "कमाल वजन २००० किलो". हे कुणाला माहीत होतं का?

रेडियल_टायर
फार महत्त्वाचं सापडलं तुम्हाला. यातल्या बहुतेक गाड्या दोन टनांच्या आसपास आहेत, काही व्हेरियंट वर. प्रत्येकाचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन) आरसीसारख्या कागदावर बघा, ब्रोशरच्या कोपऱ्यात नाही. रुंदीही बघा: एनएक्स १८६५ मिलिमीटर, जीएलसी १८९०, एक्ससी६० साधारण १९०२, एक्स३ १९२०, आणि यात आरसे धरलेले नाहीत. पॅलेटच्या (गाडी उभी राहते तो लोखंडी पाट) दोन कडांमधलं अंतर टेपने मोजा, आणि दार उघडून माणूस बाहेर येईल का तेही. उंचीही मोजा, जुने स्टॅक सेडानच्या मापाचे असतात.

सदाशिव_पेठी
पहिल्याच प्रतिसादात काय म्हणालो होतो?

चिंचगूळ
पेठी काका, मान्य. तुमच्या फ्रेम करून ठेवण्यासारख्या प्रतिसादांत अजून एक.

डोंगरवाट
आईबाबांना टेस्ट ड्राइव्हला न्या, हे कुणीच बोललं नाही. एसयूव्हीचा दाराखालचा उंबरा रुंद असतो. साडी नेसलेल्या बाईला पाय टाकून आत सरकताना साडीचा काठ त्याला घासतो, पावसाळ्यात काळा होतो. माझी आई एका शोरूममध्ये दोनदा चढली-उतरली आणि म्हणाली, "ही नको, हिच्यात चढायला गुडघा वर घ्यावा लागतो." संपला विषय. दोन लाखांची सूट देत होते तरी.

बोपदेव_घाट
वापरलेली का नाही बघत? दोन-तीन वर्षं जुनी, पहिला मालक, कंपनीच्याच सर्टिफाइड दुकानातून. लक्झरी गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत जोरात पडते, तो फटका दुसऱ्याने खाल्लेला असतो. त्याच पैशात वरच्या वर्गातली येते.

मुळशीकर
वरच्या वर्गातली येते आणि देखभालही वरच्या वर्गाची येते. वॉरंटी वाढवून मिळत असेल तरच. नाहीतर माझी चिकटपट्टी तुम्हाला भेट देतो.

शांतारस
अवांतर: ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय? जुनी लक्झरी गाडी घेताना झाकणाच्या आत ई२० लिहिलंय का ते बघा. नव्या गाड्या त्यासाठीच बनलेल्या आहेत, जुन्यांबाबत कंपनीला विचारा. मायलेज थोडं घटतं, कारण इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असते.

काकडी_कोशिंबीर
८५ लाखांच्या गाडीला मायलेज विचारणारा फक्त मराठी माणूस.

हिशेबनीस
त्याशिवाय ८५ लाख जमले कसे असतील?

अर्धा_कप
अपडेट. चारही गाड्या चालवून झाल्या. आग्रह धरून प्रत्येक वेळी बाणेर ते तळेगाव एक्स्प्रेस वेच्या तोंडापर्यंत आणि परत येताना औंधच्या गर्दीतून घेतली. एका ठिकाणी "मॅडम, आमचा रूट ठरलेला आहे" म्हणाले. बालेवाडी स्टेडियमला एक चक्कर मारून दिली. त्यांना निरोप दिला, दुसऱ्या डिलरकडे गेलो.

एक्स३: नवरा गप्प झाला, म्हणजे आवडली. स्टिअरिंग खरंच छान. स्टॅकवर टेपने मोजलं तर दोन्ही बाजूंना बोटभर जागा उरते. मला रोज ते जमणार नाही, आणि त्यालाही नाही, फक्त तो कबूल करत नाही.

जीएलसी: मागची सीट आणि आतली शांतता सगळ्यात आवडली. स्क्रीनमुळे मुलाचं मत इकडे. आई आरामात बसली, बाबांनी फक्त लोगोकडे बघितलं आणि "छान" म्हणाले.

एक्ससी६०: खुर्च्या! दोन तासांनी पाठ दुखणार नाही अशी खात्री वाटली. क्रूझ आणि लेन दोन्ही गुळगुळीत. एसी कमी-जास्त करायलाही स्क्रीनमध्ये जावं लागतं, ते मला चालवताना नको वाटलं.

एनएक्स: चालवायला मजा नाही, हे नवऱ्याचं वाक्य. पण औंधच्या गर्दीत बराच वेळ इंजिन बंदच होतं, नुसती बॅटरीवर सरकत होती. सर्वांत अरुंद, पॅलेटवर नीट बसते. आणि ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी. मागची सीट बाकीच्यांपेक्षा लहान वाटली.

माझा कल एनएक्सकडे, त्याचा एक्स३कडे, आईचा जीएलसीकडे. व्होल्वो सगळ्यांची दुसरी पसंती आहे.

पाचवा_गिअर
सगळ्यांची दुसरी पसंती असलेली गाडी घ्या, घरात शांतता राहील. तीन बिंदूंचा सीटबेल्टही त्यांनीच १९५९ मध्ये आणला आणि पेटंट सगळ्यांना खुलं केलं. काही तरी पुण्य असेलच. गंमत सोडा. तुमचा पहिला प्रश्न "पाच-सात वर्षं कटकट नको" हा होता. त्यावर फक्त वॉरंटीचा कागद बोलतो. प्रत्येकाला विचारा, सात वर्षांपर्यंत वाढवून किती पैसे आणि त्यात स्क्रीन, सेन्सर, रडार धरलेत का. ते पैसे किमतीत मिळवून चारही पुन्हा मांडा.

रेडियल_टायर
सहमत, पण मी एनएक्सला थोडा ब्रेक लावतो. तिचं सर्व्हिसचं जाळं जर्मनांपेक्षा छोटं आहे. पुण्या-मुंबईत वापर असेल तर चालेल. उद्या कोकणात बंद पडली तर टो लांबून येणार. साताऱ्यालाही यापैकी कुणाचं वर्कशॉप दारात नाही, हे मात्र चौघांनाही लागू.

मुळशीकर
वाचून बरं वाटलं. त्या "ठरलेला रूट"वाल्याकडे मी गाडी सर्व्हिसला देतो की काय अशी शंका आली.

अर्धा_कप
एनएक्स आणि मर्सिडीज, दोघांची वॉरंटीची कोटेशनं मागवली आहेत. एक्स३ स्टॅकमुळे बाद, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तो हा धागा वाचतोय असा संशय आहे.

बाणेरचा_नवरा
वाचतोय.

कॉफी_विथ_खारी
धागा आता खऱ्या अर्थाने रंगला. मी खारी आणतो.

हिशेबनीस
साहेब, शेजाऱ्याकडे वरचं पॅलेट बदलून मागा, तिथे कडा नसतात कधीकधी. माप घेऊन इथे टाका, नवऱ्याच्या बाजूनेही कुणी तरी असावं.

नवा_सभासद_२६
धागा पूर्ण वाचला नाही, पण फॉर्च्युनर घ्या. डोळे झाकून.

डोंगरवाट
डोळे झाकून चालवता येईल असा एडास त्यातही नाही हो.